पाठ रुळांकडे, तोंड उन्हाकडे

लंडनच्या यूस्टन स्थानकातून वायव्येकडे निघालेली गाडी काही मिनिटांतच प्रिमरोझ हिलच्या बोगद्यात शिरते. रॉबर्ट स्टीफन्सनने लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी खणलेला हा बोगदा १८३७ सालचा. त्यातून बाहेर पडलं की डाव्या हाताला काँक्रीटची एक लांबच लांब पाठ दिसायला लागते. खिडक्या मोजक्या, आणि मजले वर जाता जाता रुळांच्या दिशेने पुढे आलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, एखाद्या स्टेडियमची मागची बाजू असावी. गाडी पुढे निघून जाते, प्रवासी विसरूनही जातो. आमची आत्या त्या पाठीच्या पलीकडे राहायची.

अलेक्झांड्रा रोड एस्टेट हे त्या वसाहतीचं कागदोपत्री नाव. राहणारे लोक मधल्या रस्त्याच्या नावाने तिला ‘रोली वे’ म्हणतात. लंडनमधल्या कॅम्डेन या पालिकेने भाडेकरूंसाठी बांधलेली, सुमारे १६ एकरांवरची ही ५२० घरं. नीव्ह ब्राउन या वास्तुविशारदांनी १९६८ मध्ये आखणी केली, १९७२ मध्ये बांधकाम सुरू झालं, १९७८ मध्ये संपलं. १९९३ साली ती संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली. युद्धानंतर बांधलेल्या पालिकेच्या वसाहतींपैकी या यादीत आलेली ती पहिलीच. हे सगळं पुस्तकांत सापडतं. आमच्या घरात मात्र हा इतिहास पुस्तकांआधी तीन वडीलधाऱ्यांच्या तोंडून आला: आत्या, तिचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि रस्त्यापलीकडे समोर राहणारी एक आयरिश आजी. आजीला आधी काय होतं ते सांगायचं असे, काकांना कसं बांधलं ते, आणि आत्याला कसं राहिलो ते.

आजी तरुणपणी त्याच जागेवरच्या जुन्या अलेक्झांड्रा रोडवर खोली घेऊन राहिलेली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली मोठमोठी घरं, एकेका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधलेली. आजी आली तोवर खोलीगणिक भाड्याने गेलेली. संडास जिन्याच्या वळणावर, चार बिऱ्हाडांत एक. मीटरमध्ये शिलिंग टाकल्याशिवाय गॅसची शेगडी पेटत नसे. मागून गाडी गेली की कपाटातल्या कपबश्या वाजायच्या, आणि कोळशाच्या इंजिनांच्या दिवसांत वाळत घातलेली चादर संध्याकाळी काळी ठिपकेदार होऊन घरात यायची. १९६६ मध्ये त्या मार्गावर मँचेस्टर-लिव्हरपूलच्या विजेच्या गाड्या सुरू झाल्या. काजळी गेली, वेग वाढला, कपबश्या वाजायच्या त्या वाजतच राहिल्या. चार बिऱ्हाडांत एक संडास हे ऐकून आत्या दर वेळी हसायची. “अगं, गिरगाव सोडून सात समुद्र ओलांडले, तर ही बाई मला गिरगावच सांगते!”

आत्या परिचारिका म्हणून साठीच्या दशकात लंडनला गेली. कॅम्डेन पालिका तेव्हा नवीकोरी होती. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रस या तीन जुन्या पालिका १९६५ साली एक करून ती झालेली. तिजोरीत पैसा होता, घरांसाठी रांगा होत्या आणि सिडनी कुक नावाचे मुख्य वास्तुविशारद होते, ज्यांना उंच मनोऱ्यांचं अजिबात वेड नव्हतं. बाकी देशाला होतं. १९५६ च्या कायद्याने सरकारी अनुदान मजल्यांच्या संख्येबरोबर वाढत जाई. साहजिकच पालिका उंच उंच बांधत सुटल्या. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार स्लॅब आणायचे, क्रेनने एकावर एक रचायचे. मे १९६८ मध्ये पूर्व लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत एका स्वयंपाकघरात गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

त्या वर्षी ब्राउन यांच्या टेबलावर अलेक्झांड्रा रोडचे नकाशे आकार घेत होते. त्यांचा मुद्दा रोनन पॉइंटच्या आधीपासूनचा. लंडनची माणसं दोनशे वर्षं रांगेतल्या घरांत राहत आली आहेत, एकाला एक लागून, प्रत्येकाचं दार थेट रस्त्यावर उघडणारं. ती रीत मोडून माणसाला लिफ्टने बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं कारण काय? तेवढ्याच जमिनीवर तेवढीच कुटुंबं चार-पाच मजल्यांत नीट बसवता येतात, असं त्यांचं म्हणणं होतं. विन्सकोम स्ट्रीटवर त्यांनी मित्रमंडळींसाठी आणि स्वतःसाठी पाच घरांची एक छोटी रांग बांधून ते करून पाहिलं होतं. फ्लीट रोडला ७१ घरांची वसाहत आखली होती. अलेक्झांड्रा रोडला तोच विचार ५२० घरांवर लावायचा होता, आणि तोही देशातल्या सर्वांत गजबजलेल्या लोहमार्गांपैकी एकाच्या कडेला.

काका ड्राफ्ट्समन. मुंबईत सुरुवात केली ती ट्रेसिंग कापडावर शाईच्या पेनाने रेघा ओढत. पुढे लंडनच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तेच काम. इमारत समजून घ्यायची तर प्लॅन नंतर पाहावा, आधी सेक्शन पाहावा, हा त्यांचा मंत्र. सुरी घेऊन इमारत उभी कापली तर आत काय दिसेल, ते सेक्शन सांगतो. ते आलेल्या पत्राचं पाकीट उलटं करायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रोली वे कापून दाखवायचे.

सर्वांत डावीकडे रूळ. त्यांना लागून उंच रांग, आठ मजल्यांची. तिचा पाया रबराच्या जाड गाद्यांवर टेकवलेला, म्हणजे गाडीचा हादरा जमिनीतून भिंतीत चढत नाही. या रांगेने रुळांकडे पाठ केली आहे आणि दक्षिणेकडे तोंड. दक्षिणेच्या बाजूला प्रत्येक मजला खालच्या मजल्याहून मागे सरकलेला, त्यामुळे खालच्याचं छत ती वरच्याची गच्ची. मजले पुढून जेवढे मागे सरकतात तेवढे मागून रुळांवर झुकतात. गाडीतून दिसणारी स्टेडियमची पाठ ती हीच. मग रस्ता: लाल विटांची फरसबंदी, साधारण साडेतीनशे मीटर लांब, हलकं वळण घेत जाणारा, फक्त पायी चालणाऱ्यांचा. मोटारी त्याच्या पोटात, खालच्या गॅरेजमध्ये. रस्त्यापलीकडे दुसरी रांग, बुटकी, चार मजल्यांची. ती बुटकी ठेवली म्हणून हिवाळ्यातलं तिरपं ऊनही उंच रांगेच्या गच्च्यांपर्यंत पोहोचतं. तिच्यामागे बाग, आणि बागेपलीकडे तिसरी रांग. पाकिटावर एवढं उमटलं की काका पेन्सिल खाली ठेवायचे. “आता सांग, आवाज कुठे अडला?” पहिल्याच रांगेत. सगळ्या वसाहतीच्या वाट्याचा आवाज ती एकटी अंगावर घेते, आणि त्या बदल्यात तिला सर्वांत जास्त ऊन मिळतं. काकांच्या मते हा व्यवहार पाकिटावर मावला, म्हणूनच जमिनीवरही मावला.

मुंबईहून आलेला प्रत्येक पाहुणा रोली वेवर उभा राहून एकच वाक्य बोलायचा, “ही तर आपली चाळ!” लांबच लांब रांग, समोरासमोर दारं, मध्ये खेळणारी पोरं, वाटणं साहजिक. आत्या चाळीतच वाढलेली, त्यामुळे तिला हे मान्य नसे. “चाळीत गॅलरी सगळ्यांची, म्हणून माझी खिडकीही सगळ्यांची. आज पोळ्या किती लाटल्या ते चौथ्या खोलीपर्यंत कळायचं. इथे गच्ची माझी, रस्ता सगळ्यांचा, आणि मध्ये जिना.” हा जिना तिच्या सांगण्यात फार महत्त्वाचा. उघड्यावरचा, रस्त्यावरून वर चढणारा, मोजक्या घरांपुरता. लिफ्टच्या अंधाऱ्या कोनाड्यातून नाही, तर पावसात भिजत, समोरच्याला हात करत आपण आपल्या दाराशी पोहोचायचं. प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूचं स्वतःचं दार आणि वर उघडं आकाश असलेला स्वतःचा एक तुकडा हवा, हा ब्राउन यांचा आग्रह. बाथचा रॉयल क्रेसेंट १७६७ ते १७७४ या काळात श्रीमंतांसाठी बांधला गेला, तिथेही तीस घरं एका वळणदार रेषेत गुंफून प्रत्येकाला आपलं दार दिलेलं आहे. इंग्लंडच्या अमीर-उमरावांची ती रीत पालिकेच्या भाडेकरूला लागू करण्यात ब्राउन यांना काहीच विचित्र वाटलं नाही.

गच्चीच्या कडेला कठड्याऐवजी काँक्रीटमध्येच ओतलेली खोल, रुंद कुंडी. तिची रुंदी अशी की कडेला उभं राहून वाकलं तरी खालच्याच्या गच्चीत डोकावता येत नाही. पाहायला मिळते ती समोरच्यांची हिरवळ आणि रस्त्यावरचे लोक. आत्याने त्या कुंडीत काय नाही लावलं! उन्हाळ्यात मेथी आणि कोथिंबीर, दसऱ्याच्या सुमाराला झेंडू. कढीपत्त्याचं रोप तेवढं थंडी आली की आत, स्वयंपाकघरात मुक्कामाला. शेजारच्या कुंडीतली वेल खाली लोंबत दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेली असायची. तिची फुलं खालच्या बाईंची, मुळं वरच्या गृहस्थांची, पाणी कुणी घालायचं यावर दोघांचं प्रेमाचं भांडण.

गच्चीवरून खोलीत यायला मोठी काचेची दारं, लाकडी चौकटीतली. खोली लहान, पण लाकडाचं सरकतं पार्टिशन असल्याने स्वयंपाकघर आणि बसायची खोली हवं तेव्हा एक, हवं तेव्हा दोन. गणपतीला ते पार्टिशन पूर्ण सरकवलं जायचं. समोर आजीच्या घरात तर सगळं उलटं: निजायच्या खोल्या खाली, बसायची खोली आणि गच्ची वर. दिवसभराचा वावर उजेडात असावा, झोपायला उजेड लागत नाही, असा त्यामागचा हिशेब. आजी सुरुवातीला वैतागायची, पाहुण्यांना आपल्या गाद्यांवरून न्यावं लागतं म्हणून. पुढे तिची म्हातारपणची सगळी खबरबात त्या वरच्या खिडकीतूनच चालू लागली.

खोल्यांत कुठेही हीटर नव्हता. गरम पाण्याच्या नळ्या काँक्रीटच्या भिंतींच्या आतच ओतलेल्या, पाणी वसाहतीच्या मध्यवर्ती बॉयलरमधून येणारं. भिंत स्वच्छ राहायची, कपाट कुठेही लावता यायचं. ऊब किती हवी ते मात्र घरातल्याच्या हातात नव्हतं. अख्खी रांग एकदम तापायची. आत्याने त्याचा उपयोग शोधून काढला होता. न्हाणीघराला लागून असलेली भिंत सर्वांत कोमट, तिच्याशी विरजणाचं भांडं चादरीत गुंडाळून ठेवलं की जानेवारीतही सकाळपर्यंत कवडीसारखं दही. लंडनच्या थंडीत दही लागत नाही म्हणून हळहळणाऱ्या बायका डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात भेटल्या की आत्या म्हणायची, “माझ्याकडे या, माझी भिंत विरजण लावते.” तिच्या घराजवळच्या स्विस कॉटेज स्थानकातून ज्युबिली लाइनच्या मेट्रोने डॉलिस हिल जवळच. १९३२ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ तिचं दुसरं घर होतं, आणि तिच्याकडे येणारे बहुतेक मराठी पाय तिथूनच वळायचे. त्यातले काही आधी दुसरीकडेही जायचे. प्रिमरोझ हिलच्या बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला, किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचं घर आहे. लंडनमधल्या विद्यार्थिदशेत, १९२१-२२ च्या सुमारास, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन स्मारक केलं. त्या घराला आणि आत्याच्या घराला गाड्यांचा आवाज एकाच लोहमार्गाचा.

काँक्रीटविषयी बोलताना काका कडक शिक्षक व्हायचे. भिंतीवर माझा पंजा ठेवून म्हणायचे, “डोळे मीट आणि वाच.” बोटांना आधी उभ्या पट्ट्या लागतात, सगळ्या जवळपास सारख्या रुंदीच्या. सेंट्रिंगसाठी वापरलेल्या फळ्यांचे हे ठसे. फळ्या रंधा न मारता, करवतून आल्या तशा लावलेल्या, म्हणून लाकडाचे तंतूही उमटलेले; कुठे गाठ होती तिथे डोळ्यासारखं वर्तुळ. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी पाझरलं तिथे बारीक धारदार कड. ठरावीक अंतरावर गोल खळगे, साचा घट्ट धरणाऱ्या बोल्टचे. आणि एक आडवी रेघ, जिथे एका दिवसाचं ओतकाम संपलं आणि दुसऱ्या दिवशीचं सुरू झालं. हे सगळं जागेवर ओतलेलं, पांढरट, रंग न दिलेलं काँक्रीट. त्यात चूक लपत नाही. माल नीट दबला नाही तर हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, दिसणार, साचा हलला तर फुगवटा दिसणार. गिलावा करून झाकायची सोय नाही. काकांना हे आवडायचं. त्यांच्या मते सुतारांनी स्वतःच्या नकळत भिंतीवर सही केली होती.

सगळ्यांनाच ते आवडत नव्हतं. लंडनच्या पावसात पांढरं काँक्रीट करडं होतं, कुंड्यांखाली काळे ओघळ येतात. गाडीतून पाहणाऱ्यांना तो तुरुंग वाटे, वर्तमानपत्रांना पैशाचा चुराडा. पैशाची गोष्ट तर वसाहत पुरी होण्याआधीच पेटली. सत्तरीच्या दशकातली महागाई, पायाच्या कामात निघालेल्या अनपेक्षित अडचणी आणि वाढत गेलेला काळ यांनी खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीच्या पलीकडे नेला. १९७८ मध्ये, पुढे लंडनचे महापौर झालेले केन लिव्हिंग्स्टन कॅम्डेनच्या गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष असताना, जाहीर चौकशी बसली. चौकशीत वास्तुविशारदावर ठपका आला नाही. तरीही ब्रिटनमध्ये ब्राउन यांना पुन्हा एकही इमारत बांधायला मिळाली नाही. पुढे त्यांनी नेदरलँड्समध्ये आणि इटलीत काम केलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर कलाशाळेत नाव घालून चित्रकला-शिल्पकलेचं रीतसर शिक्षण घेतलं. काका ही हकिगत सांगताना दर वेळी एवढंच जोडायचे: “सुटला, पण सुटका झाली नाही.”

मग देशाचं वारं फिरलं. १९८० च्या कायद्याने पालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेता येऊ लागलं, आणि पालिकांनी नवी घरं बांधणं जवळजवळ थांबवलं. रोली वेच्या वाट्यालाही हाल आले. काँक्रीटचा शत्रू पाणी. ते बारीक भेगांतून आत शिरतं, सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचा काँक्रीटचा थर सोलून टाकते. दुरुस्ती करावीच लागते. पण कशी? भोकात करडा मसाला भरून वर गुळगुळीत फिरवला तर सळई वाचते आणि भिंतीवर ठिगळ दिसतं. पूर्ण भिंतीला रंग फासला तर ठिगळ झाकतं आणि फळ्यांच्या ठशांसकट सगळी वास्तू झाकली जाते.

संरक्षणाची गोष्ट इथून सुरू होते. इंग्लंडमध्ये इमारत यादीत घ्यायची तर ती सहसा तीस वर्षांची तरी असावी लागते. त्याहून तरुण इमारत तेव्हाच घेतात, जेव्हा ती असामान्य असते आणि तिला धोका असतो. रोली वे १९९३ मध्ये पंधरा वर्षांचीच होती. तिला ‘ग्रेड टू स्टार’ दर्जा मिळाला, सर्वोच्च ‘ग्रेड वन’च्या एक पायरी खाली, देशातल्या एकूण संरक्षित वास्तूंपैकी सहा टक्क्यांहूनही कमी या वर्गात आहेत. ग्रेड वनमध्ये बकिंगहॅम राजवाडा, तेव्हा आपण राणीच्या खालोखाल, असा विनोद वसाहतीत रूढ झाला. आत्याला त्या विनोदाची दुसरी बाजू लगेच दिसली. यादीतली इमारत आतून-बाहेरून संरक्षित असते. लाकडी चौकट कुजली तर तिथे प्लास्टिकची खिडकी चालत नाही. लाकडीच, तशीच, परवानगी काढून. “मान राणीच्या खालोखालचा,” आत्या म्हणायची, “आणि सुताराचं बिल?” हा प्रश्न विनोदात विचारला तरी खराच आहे. पालिकेचं घर म्हणजे कमी उत्पन्नाच्या माणसाचं घर. त्याची देखभाल राजवाड्याच्या तोडीची करायची तर तो भार कुणी उचलायचा याचं उत्तर यादीत लिहिलेलं नसतं.

बागेच्या बाबतीत तरी उत्तर मिळालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेमधली चार एकरांची ती बाग जॅनेट जॅक या उद्यानरचनाकारांनी आखलेली. एकच मोठं मैदान न करता निरनिराळ्या पातळ्यांवरची, झाडांनी वेढलेली दालनं केलेली, प्रत्येकात मुलांच्या खेळाची वेगळी सोय. वर्षानुवर्षं झाडं बेसुमार वाढून ती अंधारी झाली होती. रहिवाशांनी नेट लावला, लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने पैसे दिले आणि २०१५ मध्ये बाग मूळ रूपाकडे आली. आजी तोवर नव्हती. आत्या काठी टेकत जाऊन बसायची.

लोकांची नजर तोपर्यंत बदलली होती. रविवारी स्केचबुक घेतलेली मुलं जिन्यांवर बसलेली दिसायची, सिनेमावाले यायचे, विकायला निघालेल्या घरांच्या जाहिरातींत वास्तुविशारदाचं नाव झळकायचं. विन्सकोम स्ट्रीट आणि फ्लीट रोडही यादीत आले; म्हणजे ब्राउन यांनी ब्रिटनमध्ये बांधलेलं सगळंच संरक्षित झालं, त्यांच्या हयातीत. २०१७ च्या शरद ऋतूत ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने २०१८ चं रॉयल गोल्ड मेडल त्यांना जाहीर केलं. जानेवारी २०१८ मध्ये ते गेले. अखेरच्या वर्षांत ते फ्लीट रोडला, स्वतः बांधलेल्या पालिकेच्या वसाहतीतच राहत होते.

तेच पदक १९८४ मध्ये आपल्या चार्ल्स कोरियांना मिळालं होतं, आणि काका शेवटचे भारतात आले तेव्हा मी त्यांना नव्या मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घेऊन गेले. कोरियांनी ते १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी केलं. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबं, उंच इमारत एकही नाही. सात-सात घरं एकेका अंगणाभोवती, तशी तीन अंगणं एका मोठ्या चौकाभोवती. ब्राउन यांचाच हट्ट, आपल्या हवेतला. काका गल्ल्यांतून हळूहळू चालत होते. मूळची उतरत्या छपरांची बैठी घरं थोडी उरली होती; कित्येकांच्या जागी तीन-तीन मजली आरसीसी, चकचकीत टाइल्स, गेटवर सिंह. मला वाटलं, म्हातारा हळहळणार. ते दोन घरांच्या मधल्या बोळात थांबले आणि हाताने अंतर मोजू लागले.

“हे बघ,” ते म्हणाले, “भिंत सामायिक नाही. एकाही घराची दुसऱ्याला लागून नाही.” कोरियांनी ते मुद्दाम केलं होतं. पैसा येईल तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता. लोकांनी तेच केलं. बेलापूर बदललं ते त्याच्या स्वभावाप्रमाणे. रोली वेला तशी मुभा नाही. तिथे माझी गच्ची म्हणजे कुणाचं तरी छप्पर, माझी भिंत म्हणजे शेजाऱ्याची ऊब, उंच रांगेची पाठ म्हणजे बुटक्या रांगेची शांतता. एकाने फरशी फोडली तर दुसऱ्याच्या पलंगावर पाणी. काकांचा निष्कर्ष असा की रोली वेचं संरक्षण १९९३ च्या यादीने सुरू झालंच नाही. ते १९६८ च्या सेक्शनमध्येच लिहिलेलं होतं, यादीने फक्त त्यावर शिक्का मारला. आणि जिथे सेक्शनच माणसांना एकमेकांपासून मोकळं ठेवतो, तिथे बाहेरून संरक्षण लादून काही उपयोग नाही. दोन्ही वसाहती त्यांना पास वाटल्या, वेगवेगळ्या विषयांत.

मला हे पूर्ण पटलेलं नाही. बेलापूरची अंगणं तरी राखायला हवी होती असं मला अजून वाटतं. घर ज्याचं त्याचं, पण अंगण सातांचं होतं. पण काकांनी प्रश्न कुठून सुरू करावा ते शिकवलं, आणि आत्याने तो कुठे विचारावा ते.

गिरगावातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला निघाली तेव्हा आत्या मुंबईत होती. बैठकीला गच्च गर्दी. किती चौरस फूट, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं, ताबा कधी, यावर घसे बसले. बिल्डरच्या माणसाने गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक सगळ्यांना वाटलं. आत्याने चष्मा लावून ते शेवटपर्यंत चाळलं आणि हात वर केला. “आवाज कुठल्या बाजूने येणार, ऊन कुठल्या बाजूने, आणि माझं दार कुणासमोर उघडणार?” माणूस म्हणाला, “आजी, लॉबी इटालियन मार्बलची आहे.” आत्याने माहितीपत्रक त्याच्यापुढे सरकवलं आणि सेक्शन मागितला. पस्तीस मजल्यांच्या त्या इमारतीचं चित्र पुढून होतं, वरून होतं, रात्रीच्या रोषणाईतलं होतं. सेक्शन कुणी काढलाच नव्हता.